चरखा, संगणक आणि पगार

नोकरीच्या शोधात निघालेला तरुण पूर्वी दोनच गोष्टी विचारीत असे: पगार किती, आणि नोकरी कायमची आहे काय? आता त्यांत तिसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे. माझा भाचा यंदा हुबळीत अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडला. अर्ज करण्यापूर्वी ती संस्था वीज कोठून घेते, सांडपाण्याचे काय करते, याचीही तो चौकशी करतो. मला हा बदल शुभ वाटतो. ज्यांना या पृथ्वीवर अजून दीर्घ काळ संसार करावयाचा आहे, त्यांनी तिची काळजी वाहणे स्वाभाविकच आहे.

मोठ्या उद्योगांनीही काळाची पावले ओळखली आहेत. आपल्या कारभारातून हवेत जाणाऱ्या कर्बवायूची पूर्ण भरपाई आपण करतो, असे इन्फोसिसने २०२० साली जाहीर केले. तिच्या हुबळी केंद्रात २०२२ च्या ऑगस्टमध्ये काम सुरू झाले, तेव्हा घरापासून दूर गेलेल्या येथील कित्येक मुलांना परतीची वाट दिसली.

परंतु वाचकहो, याच शहरात बेंगेरी येथे याहून जुने एक उदाहरण आहे. १९५७ साली स्थापन झालेला कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ तेथे भारतीय मानक ब्यूरोच्या प्रमाणपत्रानुसार राष्ट्रध्वज तयार करतो. ध्वजाचे कापड बागलकोट भागात हातमागावर विणले जाते. बेंगेरीत ते रंगवून शिवले जाते. चरख्याला वीज लागत नाही, हातमागाला धुराडे नसते. या कामात बहुतेक स्त्रियाच आहेत.

हे मी भाच्यास सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "मामा, काम चांगलेच आहे, पण त्यावर घर चालेल का?"

प्रश्न रास्त होता. खादीची मजुरी कामाच्या मापाने मिळते आणि ती तुटपुंजी असते. त्यातच ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहिता बदलून यंत्रावर विणलेल्या पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही मुभा मिळाली. स्वस्त ध्वजापुढे हाताचे कापड कसे टिकावे?

यातून मला एवढेच उमगते की, निसर्गाची कदर करणाऱ्या कामाकडे तरुण ओढला जातो, पण तो तेथे टिकतो तो पोटभर वेतनामुळे. निसर्ग राखण्याचा सारा भार गरीब कामकरणीच्या खांद्यावर टाकणे न्यायाचे नव्हे. त्यातील काही भाग गिऱ्हाइकाने उचलला पाहिजे. येत्या १५ ऑगस्टला आपल्या शाळेसाठी वा संस्थेसाठी ध्वज घेताना, तो कोणत्या कापडाचा आहे आणि कोणाच्या हातचा आहे, एवढे तरी आपण अवश्य विचारावे.