टाक्याची खूण

आमच्या घरातल्या गिन्नीवर पंचम जॉर्जच्या डोक्याच्या वर, अगदी कडेला, मसुरीएवढी एक जागा निस्तेज आहे. तिथला रंग बाकीच्या सोन्यापेक्षा फिका आहे आणि काठाचे बारीक दाते वितळून सपाट झाले आहेत. आजीच्या पोतीत ही गिन्नी मधोमध असायची, आणि तिची कडी त्या जागी डागलेली होती. पुढे पोत मोडली, कडी उतरवली, टाक्याची खूण राहिली. नाण्यांच्या बाजारात एवढ्याशा जागेमुळे तिचं मोल जवळजवळ सोन्याच्या भावापर्यंत खाली येतं. असं का, आणि ते कितपत रास्त, हे समजून घेण्यात माझी बरीच वर्षं गेली.

गिन्नी घरात आली ती कापसाच्या पैशातून. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस कापसाचे भाव चढले होते आणि खानदेशच्या काळ्या जमिनीतला पैसा सोन्यात जाऊन बसत होता. आजीला ती लग्नात मिळाली. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आजी सगळे दागिने रिठ्याच्या पाण्यात भिजवायची, जुन्या ब्रशाने हलके घासायची, संध्याकाळी गिन्नीला पंचामृत, हळदकुंकू व्हायचं आणि मग लुगड्याच्या पदराने ती कोरडी केली जायची. राजाची दाढी गुळगुळीत झालीय असं कुणी म्हटलं तर तिचं उत्तर ठरलेलं: "सोनं ते सोनंच शे."

जळगावच्या सराफ बाजारातही हेच मत. पोत मोडायला आईबरोबर मी गेले होते. सराफांनी कसोटीच्या काळ्या दगडावर रेघ ओढली, तिच्यावर तेजाबाचा थेंब टाकला, मग गिन्नी काट्यावर ठेवली. राजाच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही, असं मी आजही मानते. नवी गिन्नी ७.९८८ ग्रॅमची, २२ कॅरेटची. ज्याने ती पाडली त्या इंग्रज सरकारचा कायदाही झीज वजनातच मोजायचा: ७.९३८ ग्रॅमच्या खाली गेलेली गिन्नी चलनात धरायची नाही. म्हणजे या नाण्याची पहिली प्रतवारी काट्यावरच झाली होती. आईने गिन्नी मात्र मोडू दिली नाही. कडी उतरवून ती आम्ही घरी आणली.

नाण्याचा पृष्ठभाग बघायला मी शिकले ते धुळ्याला, कॉलेजात असताना. एक निवृत्त शिक्षक नाणी जमवत. प्रत्येक नाणं कागदी पाकिटात, पाकिटावर शाईने वजन आणि व्यास. त्यांचा पहिला नियम हा की नाणं फक्त काठाला धरायचं, बोटाचा घाम तोंडावर लागता कामा नये. दुसरा, एकाच दिव्याखाली बसायचं आणि दिवा न हलवता नाणं तिरकं करत फिरवायचं. न वापरलेल्या नाण्यावर उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. टांकसाळीत दाबाखाली धातू बाहेरच्या बाजूला सरकतो तेव्हा त्यात अतिसूक्ष्म रेषा उमटतात, हे तेज त्यांचं. एकदा घासलं की त्या रेषा जातात आणि कुठल्याही पॉलिशने परत येत नाहीत. पॉलिश केलेलं नाणं चकाकतं खरं, पण ती चकाकी सगळीकडे सारखी, मेलेली असते. खरी झीज आधी उंच भागांवर दिसते: राजाची भुवई, मिशी, कान, मागच्या बाजूला संत जॉर्जचं शिरस्त्राण आणि घोड्याची छाती.

मग सरांनी तो नियम सांगितला ज्याच्यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे. भिंगाखाली रेघ दिसली की आधी ती उठलेली आहे की खोल, हे ठरवायचं. उठलेली रेघ ठशाची. ठसा तडकला की त्या फटीत सोनं शिरतं आणि नाण्यावर बारीक वरंबा उमटतो. तो जन्मखुणेत धरायचा, दोषात नाही. खोल रेघ नंतरची. त्यातही फरक आहे. पिशवीत एक नाणं दुसऱ्यावर आदळून झालेले खोचे वेडेवाकडे, कुठेही असतात. पुसण्याने उमटलेल्या केसासारख्या रेघा मात्र जथ्याने, एकाच दिशेने जातात. आमच्या गिन्नीवर राजाच्या गालासमोरच्या मोकळ्या जागेत तशा रेघा दाट आहेत. भिंगातून त्या पाहिल्या आणि आजीचा पदर कोणत्या बाजूने फिरायचा ते मला कळलं.

त्याच बैठकीत सालाच्या वर, घोड्याच्या पायांखालच्या जमिनीवर, एक इवलंसं इंग्रजी 'आय' अक्षर सापडलं. साल १९१८. म्हणजे गिन्नी लंडनची नव्हती, मुंबईची होती. १८९९च्या कायद्याने गिन्नी हिंदुस्थानात १५ रुपयांना चालत होती. युद्धात चांदीचा तुटवडा इतका झाला की १९१७ च्या अखेरीस सरकारला १ रुपयाची कागदी नोट काढावी लागली. हाताशी असलेल्या सोन्याची नाणी मुंबईतच पाडायचं ठरलं. आधी तेवढ्याच वजनाची १५ रुपयांची मोहर निघाली, मग लंडनच्या रॉयल मिंटची शाखा उघडून गिन्न्या पाडल्या गेल्या, सुमारे १३ लाख. १९१९ मध्ये ती शाखा बंद झाली.

बाजार यापुढे जातो तो आकड्याने. १९४९ मध्ये विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने तांब्याच्या जुन्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी काढली. ७० च्या नाण्याला १ च्या नाण्याच्या सत्तरपट मोल यावं, ही त्यामागची कल्पना. ती किमतीची कल्पना केव्हाच मागे पडली, पट्टी मात्र जगभर चालते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून प्रतवारी करणाऱ्या कंपन्या नाणं प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून आकडा छापून देतात. ६० पासून पुढे न वापरलेली नाणी. कडी काढलेल्या किंवा घासून साफ केलेल्या नाण्याला साधारणपणे आकडाच देत नाहीत. झीज किती झाली ते शब्दांत लिहितात आणि पुढे कारण नोंदवतात.

हा कडकपणा मला पटतो. माणसाने केलेला बदल आणि टांकसाळीचं काम एका आकड्यात मिसळायचं नाही, ही प्रामाणिक भूमिका आहे. राग येतो तो तिच्यातून वाट काढणाऱ्यांचा. टाका घासून, नवे दाते कोरून, वर पॉलिश चढवून खूण 'नाहीशी' करून देऊ म्हणणारे मला भेटले आहेत. तसं केलेलं नाणं पूर्ण दिसतं आणि खोटं बोलतं. धुळ्यातच १९२६ च्या ३१ डिसेंबरला इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गेले, आणि लगेच १९२७ मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. सर तिथलाच दाखला द्यायचे: जुन्या पत्रातली वाळवीने खाल्लेली ओळ संपादकाने आपल्या शब्दांनी भरायची नसते, जागा रिकामी दाखवायची असते.

शिवाय आपल्याकडे सोन्याचं नाणं गळ्यात घालणं ही त्याची मोडतोड कधी नव्हतीच, ते त्याचं दुसरं आयुष्य होतं. पुतळ्यांच्या माळेतल्या पुतळ्या म्हणजे व्हेनिसची जवळजवळ शुद्ध सोन्याची नाणी आणि त्यांच्या इथल्या नकला. मुघल मोहरांवरही कडीच्या खुणा पुष्कळदा सापडतात. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला, खानदेशची फारुकी सत्ता संपली आणि त्या विजयाची ससाण्याच्या चित्राची मोहर पाडली गेली. आमच्या मुलुखाच्या पराभवाचं इतकं देखणं नाणं दुसरं नसेल. अशा नाण्यांच्या वर्णनात कडीची खूण नोंदवणं हे त्या मोहरेचं पुढं काय झालं ते लिहिणंच आहे.

मुलीला आता ही गिन्नी घालायची आहे. जळगावच्या एका कारागिराने आच न देता, चार पाकळ्यांनी काठ पकडणारं घर करून दिलं आहे. नवा टाका नाही आणि हवी तेव्हा गिन्नी बाहेर निघते. लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू त्या घराला लागतं. पाकिटावर मी वजन लिहिलं आहे, मुंबईचं अक्षर, टाका, पुसल्याच्या रेघा, सगळं.

एक नोंद अजून कोरी आहे. राजाच्या मानेमागे एक बारीक रेघ आहे, काठाकडे उठलेली, आत येता येता सपाट होणारी. सर म्हणायचे, ठशाची तडक. मला वाटतं तडक असावी आणि आतलं टोक घासून गेलं असावं. याचा निकाल भिंगाने लागणार नाही. त्याच ठशातून निघालेली १९१८ ची दुसरी मुंबईची गिन्नी मिळाली आणि तिच्यावर त्याच जागी, त्याच वळणाची रेघ असली तरच लागेल. म्हणून कुणाकडे त्या सालाची गिन्नी आहे असं कळलं की मी भिंग घेऊन जाते आणि आधी राजाची मान बघते.