सुरतचे जमण आणि वैशाखातली फुले

‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’ ही गुजराती म्हण मराठी कानालाही सहज उमगते. जेवावे ते सुरतेत आणि देह ठेवावा तो काशीत, एवढाच तिचा सरळ अर्थ. परंतु वैशाखातल्या सुरतेचे रस्ते पाहू लागल्यावर ती अपुरी वाटू लागते, कारण तिच्यात जेवण आहे, मरण आहे, आणि ज्यात गुलमोहोर व बहावा फुलतात तो उन्हाळा मात्र कोठेच नाही.

म्हणीला ऋतू असतो का, हा प्रश्न तसा रिकामटेकडाच. तरीही तो पिच्छा सोडत नाही. सुरती जेवणाचा लौकिक ज्यांच्यावर उभा आहे त्यांतला पोंक, म्हणजे आपल्याकडच्या हुरड्यासारखा ज्वारीचा कोवळा भाजलेला दाणा, हा थंडीतला; उंधियूही थंडीतलेच, कारण त्यात लागणारी पापडी, म्हणजे वालाच्या कोवळ्या शेंगा, तेव्हाच चांगली मिळते; आणि तुपाने जड झालेली घारी कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, चंदनी पडव्याला खायची. आमरसाचा अपवाद सोडला (आणि तो लहान अपवाद नव्हे) तर ही म्हण शरदात सुरू होऊन शिशिरात संपते, असे म्हणावे लागते. उन्हाळ्याच्या वाट्याला मग उरतात ती फुले, आणि ती कोणी खात नाही.

उंधियूसाठी नावाजलेली पापडी कतारगामची, आणि जुन्या शहराच्या कतारगाम दरवाजाच्या बाजूलाच युरोपीय व्यापाऱ्यांची जुनी दफनभूमी आहे, म्हणजे म्हणीने एकमेकांपासून शेकडो कोस दूर ठेवलेली जमण आणि मरण ही दोन टोके इथे एकाच वाटेवर येतात. तिथल्या डच कबरींत घुमटाखाली हेंड्रिक व्हान रेडे याची कबर आहे. मलबारात डच कंपनीचा गव्हर्नर असताना त्याने ‘होर्टुस मलबारिकुस’ या ग्रंथाचे काम उभे केले. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला त्याचे बारा खंड छापले गेले. मलबारातल्या सातशेहून अधिक वनस्पतींची चित्रे आणि गुणधर्म त्यात आहेत, आणि त्यासाठी इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित व आपू भट या तीन कोंकणी वैद्यांनी माहिती पुरवली. या तिघांचे नागरी लिपीतले कोंकणी निवेदन पहिल्या खंडात छापलेले आहे. व्हान रेडे १५ डिसेंबर १६९१ रोजी सुरतेकडे येताना जहाजावरच वारला. त्याला ना काशीचे मरण मिळाले, ना सुरतेचे जमण.

‘कोन्ना’ या नावाने त्या ग्रंथात बहावाही आहे, ज्याला गुजरातीत गरमाळो म्हणतात. बहाव्याचे फूल हातात घेतले तर पाच पिवळ्या पाकळ्यांमध्ये दहा पुंकेसर, म्हणजे परागकण धरणारे तंतू, दिसतात, आणि त्यांतले तीन इतरांपेक्षा लांब, गळासारखे वर वळलेले असतात. ग्रंथामागची गरज मात्र फुलांची नव्हती. युरोपातून महागडी औषधे मागवण्यापेक्षा इथल्याच झाडपाल्यावर कंपनीच्या माणसांचे भागावे, हा हिशेब त्यात होता. वैद्याच्या लेखी बहावा म्हणजे आरग्वध, आणि त्याच्या हातभर लांब काळ्या शेंगेतला गर सौम्य रेचक, म्हणजे कोठा साफ करणारा. सुरती जमणानंतर त्याची आठवण व्हावी हे अगदीच अप्रस्तुत नाही.

ज्या लाल बहरामुळे सुरतेचा उन्हाळा डोळ्यांत भरतो तो गुलमोहोर या ग्रंथात असणे शक्यच नव्हते. तो मूळचा मादागास्करचा. युरोपीय वनस्पतिशास्त्रात त्याचे वर्णन १८२९ साली आले, म्हणजे व्हान रेडेच्या मृत्यूनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी. त्याच्या फुलाच्या चार पाकळ्या लाल आणि पाचवी पांढुरकी, तांबड्या शिंतोड्यांची. ती पाचवी पाकळी हातात धरल्यावर ‘गुल’ फारसीतला आणि ‘मोहोर’ आंब्यावरचा, अशी नावाची घरगुती फोड मराठी मनाला सुचतेच, मग व्युत्पत्ती काहीही असो. बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, पांढरा चाफा मेक्सिकोकडचा. परंतु यांना परके म्हणावे तर उंधियूतला बटाटाही त्याच अमेरिकेतून आलेला, आणि त्याच्यावाचून म्हणीतले जमण पुरे होत नाही.

म्हणीत उन्हाळा नाही ही तक्रार इथवर येईतो डळमळू लागते. व्हान रेडेला सुरतेच्या मातीत ठेवले तेव्हा पौषाच्या आसपासचे दिवस असणार. म्हणजे तो आला तोही म्हणीच्याच ऋतूत, आणि त्या दिवसांत बहाव्याला फूल नसते; फांद्यांना शेंगा तेवढ्या लोंबत असतात.