दोन आज्यांचे घर

इंग्लंडातील ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड नावाचे शहर आहे. शिपायांच्या तांबड्या डगल्यांचे लोकरी कापड एके काळी याच खोऱ्यात विणले जाई. तेथून दोनएक मैल चढून गेले, की स्लॅड हे खेडे लागते. अरुंद दरी, उतारावर विखुरलेली दगडी घरे, एक चर्च आणि त्याच्या समोरच ‘वुलपॅक’ नावाची मद्यशाळा. देव आणि पेला इतके शेजारी नांदताना पाहून मला मोठी मौज वाटली.

मी तेथे गेलो तो दोन आज्यांसाठी. लॉरी ली या लेखकाचा जन्म १९१४ चा. तो तीन वर्षांचा असताना त्याचे बिऱ्हाड येथे आले. वडील घर सोडून गेलेले; आईने स्वतःची मुले आणि नवऱ्याच्या पहिल्या बायकोचीही मुले वाढवली. ते बालपण त्याने १९५९ साली ‘सायडर विथ रोझी’ या पुस्तकात सांगितले.

त्यांच्या घराला लागूनच दोन म्हाताऱ्या राहत. खालच्या मजल्यावर वॉलन आजी, वरच्या मजल्यावर ट्रिल आजी. दोघीही मुलांच्या रक्ताच्या कोणी नव्हेत. पण आपल्या वाड्यात जशी कोणतीही म्हातारी ‘आजी’ होते, तशाच त्या झाल्या. वॉलन आजी रानफुलांची दारू गाळी. ट्रिल आजी तपकीर ओढी, पहाटे चारला उठे आणि दिवस मावळण्याआधीच अंथरुणावर पडे. दोघींचे हाडवैर! बाजाराचे वार वेगळे, जाण्यायेण्याच्या वाटा वेगळ्या, आणि बोलणे काय ते काठीने तक्तपोशी ठोकून. आमच्या वाड्यांतून अशा जोड्या काही कमी नव्हत्या.

ट्रिल आजी पडली, तिचे हाड मोडले आणि ती गेली. तिचे वय पंचाण्णव लिहिले होते. वॉलन आजी अंत्ययात्रेत कडाडली, की हे साफ खोटे, नव्वदीच्या पुढे ती मुळीच नव्हती! जिंकली बिचारी. पण मग भांडायचे कोणाशी? पंधरवड्याच्या आत तीही गेली.

त्याच गावातले एक म्हातारे जोडपे पन्नास वर्षे एकत्र राहिलेले. हातपाय थकले तेव्हा त्यांना ‘वर्कहाउस’मध्ये, म्हणजे सरकारी निराधारगृहात, नेले. वृद्धांना पेन्शन १९०९ पासून मिळू लागली होती. परंतु पैशाने चूल पेटते, पाणी कोण आणणार? १८३४ च्या कायद्याने उभारलेल्या त्या घरांत पुरुष एकीकडे आणि बायका दुसरीकडे ठेवीत. अन्न होते, अंथरूण होते. आठवड्याच्या आत दोघेही संपली.

प्रेमाने बांधलेली माणसे आणि वैराने बांधलेली माणसे, एकाच रीतीने गेली.

लॉरी ली १९९७ साली वारला. त्या चर्चच्या आवारातच त्याला पुरले आहे. थडग्यापाशी उभा असताना माझ्या मनात आपल्याकडचे म्हातारे आले. त्यांची व्यवस्था लावताना आपण खोली पाहतो, औषधे पाहतो, पैसे पाहतो. आपल्या आजीच्या काठीचा ठोका ऐकायला तक्तपोशीपलीकडे कोणी आहे का, हेही एकदा पाहावे.