पंचाची पंचाईत

यंदाच्या माघातील उत्सवात पालखी देवळात परतली, आरती झाली आणि आम्ही नेहमीप्रमाणे तीर्थाच्या रांगेत उभे राहिलो. आमच्या पुढे आमच्या एका स्नेह्यांची नात होती. मुलगी पुण्यास नवव्या इयत्तेत शिकते. उत्सवापुरती आजोळी आलेली. भटजींनी पळीभर पंचामृत तिच्या तळहातावर घातले, तिने ते प्राशन केले, ओला हात मस्तकावरून फिरवला आणि मागे वळून आम्हांस विचारले, "आजोबा, इंग्रजीतला 'पंच' हा शब्द आपल्या पंचामृतावरून गेला, असे तुम्ही लिहिले आहे ना? त्याला पुरावा काय?"

प्रश्न सरळ होता. उत्तर मात्र आमच्यापाशी नव्हते. भटजींची पळी क्षणभर हवेतच राहिली आणि रांगेत मागे कोणीतरी खाकरले. "मग सांगतो, बाळ," असे म्हणून आम्ही हात पुढे केला. पण त्या दिवशीचे पंचामृत आमच्या घशाखाली नीट उतरले नाही, हे कबूल केले पाहिजे.

वाचकांस पूर्वपीठिका सांगणे प्राप्त आहे. १९८५ साली आमच्या देवस्थानाने एक स्मरणिका काढली होती. तीत आम्ही आपल्या भाषेच्या थोरवीविषयी एक लेख लिहिला. वय तरुण, वाचन अर्धवट आणि लेखणी मात्र धावती, असा तो काळ. इंग्रज लोक ज्याला 'पंच' म्हणतात ते मिश्रपेय म्हणजे आपल्या पंचामृताचेच विलायतेस गेलेले रूप होय, असे एक वाक्य त्या लेखात होते. 'होय' असे आम्ही लिहिले होते. 'असावे' असेही नव्हे. ते वाक्य पुढे कीर्तनांतून आले, सत्कारांच्या भाषणांतून आले, आणि चाळीस वर्षांनी या मुलीच्या तोंडून शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेत आले. परीक्षकांनी आधार विचारला. "आमच्या देवळाच्या पुस्तकात आहे," असे ती म्हणाली आणि सभागृह हसले. हे सारे तिने आम्हांस मागाहून अग्रशाळेच्या पायरीवर बसून सांगितले. सांगताना ती रडली नाही. रडती तर आम्हांस बरे वाटले असते.

त्याच पायरीवर मामा बसले होते. मामा हे सगळ्या गावाचेच मामा. उमेदीच्या वयात ते मुंबईस टाइप ओतण्याच्या कारखान्यात होते. पुढे गोव्यात येऊन त्यांनी छोटा छापखाना घातला, आणि आमची ती स्मरणिका त्यांच्याच हातांनी खिळा खिळा जुळवून निघाली. ते शांतपणे म्हणाले, "बाब, म्हाका एक सांगात. मग आमचो पंच खंयचो?"

मामांचा 'पंच' निराळा. खिळा ओतावयाचा म्हणजे आधी पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे. त्या कांडीला कारखान्यात पंच म्हणत. तिला पाणी देऊन ती कठीण करावयाची, तांब्याच्या तुकड्यावर ठोकावयाची, म्हणजे तांब्यात अक्षराचा सुलटा खळगा उमटतो. त्या खळग्याच्या साच्यात शिशाचा रस ओतला की पुन्हा उलटा खिळा तयार, आणि कागदावर छापला की अक्षर सुलटे. मामांच्या प्रश्नात कुचेष्टा नव्हती. त्यांना खरोखरच जाणून घ्यावयाचे होते की आयुष्यभर ज्या वस्तूवर त्यांची भाकरी शिजली, तीही पंचामृतातून निघाली की काय.

आम्ही घरी येऊन कोश काढले.

मामांच्या पंचाची वंशावळ सर्वांत स्वच्छ निघाली. लॅटिन भाषेत 'पुंगेरे' म्हणजे टोचणे. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये टोकदार हत्याराचे नाव झाले आणि ते इंग्रजीत 'पंच' होऊन बसले. टोचणे, ढोसणे, गुरे हाकताना काठी खुपसणे असा अर्थ पसरत पसरत शेवटी मुष्टियोद्ध्याचा ठोसाही 'पंच' झाला. कचेरीत कागदाला भोक पाडणारे यंत्र त्याच घरचे. हजेरीचे कार्ड पूर्वी यंत्रात टोचले जाई, म्हणून आजही कर्मचारी 'पंच करून आलो' म्हणतो. आता नुसता अंगठा टेकवावा लागतो, भोक कशालाच पडत नाही, पण शब्द टिकून आहे. आणि गंमत अशी की आपल्या सायकलीचे 'पंक्चर' हे याच पंचाचे सख्खे भावंड. इंग्रजीत पूर्णविराम-स्वल्पविरामांस जे नाव आहे, तेही त्याच टोचण्यातून आलेले. या साऱ्या गोतावळ्यात पाच या संख्येचा कोठेही संबंध नाही.

या हत्याराचे ऋण आपल्यावर किती आहे, हे आम्हांस त्या रात्री प्रथमच उमगले. गोव्यात छापखाना १५५६ साली आला. तरीही फादर स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले ते रोमन अक्षरांत, कारण नागरीचे खिळे येथे नव्हते. भाषा होती, कवी होता, यंत्र होते. नव्हते ते पोलादावर 'क' आणि 'ख' कोरणारे बोट. मराठीचे छापील व्याकरण नागरी खिळ्यांत निघाले ते पुढे १८०५ साली, आणि तेही दूर बंगालात, श्रीरामपूरच्या छापखान्यात. विल्यम कॅरी यांच्या त्या छापखान्यासाठी नागरी अक्षरांचे पंच कोरणाऱ्या लोहाराचे नाव होते पंचानन कर्मकार. त्यापूर्वी १७७८ सालच्या हॅल्हेडच्या बंगाली व्याकरणासाठीही चार्ल्स विल्किन्स यांच्या हाताखाली त्यांनीच काम केले होते. पुढे त्यांचे जावई मनोहर यांनी ती विद्या चालविली. पंचानन म्हणजे पाच मुखांचा, प्रत्यक्ष शंकर. पंचाननाने पंच कोरले! १९८५ सालचे आम्ही असतो तर या योगायोगावर आणखी एक लेख ठोकला असता.

इंग्रजांच्या बाहुल्यांच्या खेळातील 'पंच' फार वेळ घेत नाही. मोठ्या नाकाचा, पाठीला पोक असलेला, बायकोला बडवणारा हा बाहुला मूळचा इटलीतील नेपल्सचा. त्याचे नाव पुल्चिनेल्ला. सॅम्युएल पेप्स याने ९ मे १६६२ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये त्याचा खेळ पाहिल्याची नोंद आपल्या रोजनिशीत केली आहे. नाव इंग्रज जिभेवर झिजून 'पंच' झाले आणि १८४१ साली लंडनमध्ये निघालेल्या विनोदी साप्ताहिकाने ते धारण केले. त्या साप्ताहिकाचे एक आद्य संपादक मार्क लेमन. लिंबावाचून पंच कसला, अशी कोटी तेव्हा झाली म्हणतात. म्हणजे बाहुल्याचे नाव पेयाच्या नावावर जाऊन आदळले ते असे. त्या पत्राचे अनुकरण आपल्याकडेही झाले. लखनौस १८७७ साली उर्दू 'अवध पंच' निघाले, मुंबईत 'हिंदी पंच' निघाले, आणि मुंबईकरांनी तर त्या इटालियन बाहुल्याचा 'पंचोबा' करून टाकला. खंडोबा, म्हसोबा, तसा पंचोबा! परकी शब्दाला पाट मांडून बसविण्याची ही आपली जुनी रीत आम्हांस फार आवडते.

राहिले ते पेय. आमची पंचाईत येथेच झाली होती.

हे पेय हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांत प्रचारात आले, याविषयी कागदपत्रे बोलतात. १६३२ सालच्या सप्टेंबरात ईस्ट इंडिया कंपनीच्या एका माणसाने पूर्व किनाऱ्यावरील पेटापोली येथील सहकाऱ्यास लिहिलेल्या पत्रात 'पंच' शब्द आढळतो. १६३८ साली सुरतेस आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने 'पालेपुंत्झ' असे नाव देऊन त्याचे घटक सांगितले आहेत: दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. वाचकांनी मोजावे; चारच होतात. त्यानंतर आला डॉक्टर जॉन फ्रायर. हा १६७२ पासून सुमारे दहा वर्षे हिंदुस्थान आणि इराण येथे हिंडला आणि १६९८ साली त्याने आपले पुस्तक छापले. तो स्पष्ट सांगतो की हिंदुस्थानी भाषेत या शब्दाचा अर्थ पाच, आणि पाच जिनसांवरून पेयाला हे नाव पडले. १८८६ साली यूल आणि बर्नेल यांनी आपल्या प्रसिद्ध कोशात हेच मत उचलले.

म्हणजे आमचे वाक्य अगदीच निराधार नव्हते, असे वाटून आम्ही जरा सैलावलो. पण फ्रायरचे वाक्य पुढे वाचले आणि पुन्हा ताठ बसलो. या किनाऱ्यावरचे इंग्रज ते पेय कशापासून करतात? तर गोव्याच्या अर्कापासून, आणि तो उत्तम होतो तो 'नेरूल' येथे. बार्देशात नेरूल गाव आजही आहे. रेंदेर माडावर चढून सूर काढतो, सूर भट्टीत जाते, आणि त्याचा अर्क गोऱ्या व्यापाऱ्यांच्या प्याल्यात उतरतो. फ्रायरचा 'पंच' तो हा. पंचामृतात दूध, दही, तूप, मध आणि साखर. त्या प्याल्यात साखर तेवढी समान! ज्या देवळात सोवळ्यावाचून गाभाऱ्याचा उंबरठा ओलांडत नाहीत, त्या देवळाच्या स्मरणिकेत आम्ही चाळीस वर्षे माडाच्या दारूला तीर्थाचे गोत्र देऊन बसलो होतो. सूर या शब्दावरून तरी आम्ही सावध व्हावयास हवे होते. आपल्या भजनातला सूर निराळा आणि माडावरची सूर निराळी, हे येथले शेंबडे पोरही जाणते.

पाच जिनसांची कथाही सर्वांस मान्य नाही. एक तर घटक कधी चार, कधी पाच, कधी सहा. दुसरे असे की त्या काळी इंग्रजीत या शब्दाचा उच्चार 'पुंच' असा होत असे. जर्मन लोक अद्यापि 'पुन्श' म्हणतात. आपल्या 'पाच'चा किंवा 'पंच'चा असा उकार का व्हावा? म्हणून ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशकारांनी या व्युत्पत्तीविषयी शंका नोंदविली आहे. खलाशांच्या पिंपाचे जे इंग्रजी नाव आहे, त्यावरून हा शब्द आला असावा, असाही एक तर्क आहे. आमचा स्वतःचा कल अजून फ्रायरकडेच आहे, हे लपवीत नाही. तो येथे राहिला होता, त्याने येथले लोक बोलताना ऐकले होते. पण कल म्हणजे पुरावा नव्हे, आणि मुलीने पुरावा मागितला होता.

कोश मिटता मिटता आणखी एक गोष्ट डोळ्यांपुढे आली. इंग्रजीतला 'फाइव्ह' हा शब्द. संस्कृत पञ्च, ग्रीक पेंते, लॅटिन क्विंक्वे, फारसी पंज, आणि इंग्रजी फाइव्ह ही एकाच आजीची नातवंडे आहेत. १७८६ साली सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे असे मांडले. तेव्हापासूनच्या अभ्यासाने हे नाते निःसंशय सिद्ध झालेले आहे. आम्ही ज्या 'पंच'मागे धावलो त्याचा चेहरा आमच्यासारखा, पण नाते संशयित. ज्याचे नाते पक्के, त्या 'फाइव्ह'च्या चेहऱ्यात एकही रेषा आपली दिसत नाही. आणि तो तर आम्ही शाळेत पहिल्याच इयत्तेत शिकलो होतो. शिवाय तो त्यांनी आपल्याकडून नेला नाही की आपण त्यांच्याकडून आणला नाही. दोन्ही घरी तो वडिलोपार्जित.

दुसऱ्या दिवशी महाप्रसाद झाल्यावर आम्ही अग्रशाळेत गेलो. यंदाच्या स्मरणिकेसाठी दुरुस्ती लिहून नेली होती. आरंभी तिच्यात बरीच सारवासारव होती. ती रात्रीच खोडली. शेवटी उरले ते एवढेच की १९८५ सालच्या लेखातील पंचामृताविषयीचे विधान चुकीचे असून त्याची जबाबदारी लेखकाची आहे, देवस्थानाची नाही. मुलीने कागद दोनदा वाचला. "हे मी बाईंना दाखवू?" तिने विचारले. दाखव म्हणालो. "आणि फाइव्हचे?" तेही सांग म्हणालो, पण या वेळी कोशाचे पान लिहून ने.

मामांना त्यांच्या पंचाचे मूळ सांगितले. ते ऐकून काही बोलले नाहीत; खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत बोटभर पोलादी कांडी होती. मुंबईचा कारखाना बंद पडला तेव्हा मालकाने प्रत्येकाला एक एक दिली होती म्हणे. टोकावर नखाएवढे अक्षर होते, उलटे. मामांनी कोनाड्यातील समईच्या ज्योतीवर ते टोक धरले, त्यावर काजळी बसू दिली, आणि आमच्या हातातला दुरुस्तीचा कागद मागून घेऊन त्याच्या कोपऱ्यात हलकेच दाबले. कारखान्यात अक्षर बरोबर उतरले की नाही हे असेच पाहत, असे ते मुलीला सांगू लागले. कागदावर काळाभोर, सुलटा 'प' उमटला होता.