शेपूट ठेवायचे की कापायचे?

मोटारसायकलच्या मागच्या चाकावरून खाली उतरणारे जे लांब मडगार्ड असते, त्याला आमच्या घरात 'शेपूट' म्हणतात. नंबरप्लेट, तिच्यावरचा लहान दिवा आणि लाल परावर्तक ही मंडळी तेथेच राहतात. हल्ली बेळगावात काय आणि आमच्या सांबऱ्यात काय, हे शेपूट कापून घेण्याची हौस पुष्कळ दिसते. गतवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर हा प्रश्न आमच्या घरी आला आणि चांगला पंधरा दिवस मुक्कामाला राहिला.

आमचा थोरला मुलगा याच शाळेत शिकला. आता तो कॉलेजला जातो. लायसन्स मिळाल्यावर घरची जुनी मोटारसायकल आम्ही त्याच्या हाती दिली. "आप्पा, मागचं ते शेपूट कापून टाकूया की. गाडी म्हातारी दिसते," असे तो म्हणाला. आईने लगेच नाही म्हटले, आजीने त्याहून मोठ्याने नाही म्हटले. पण नुसत्या 'नाही'ने मुलगा गप्प बसला असता, पटले नसते. गाडी वापरायला दिली, तर तिच्याविषयी विचार करण्याचा हक्कही द्यायला हवा. म्हणून ठरले, की निर्णय त्याने घ्यावा. मात्र त्याआधी त्याचा प्रत्येक मुद्दा सर्वांनी मिळून तपासावा.

पहिला मुद्दा वजनाचा. ही कल्पना काही नवी नाही. अमेरिकेत १९३० आणि १९४० च्या दशकांत तरुण मंडळी आपल्या गाड्यांची जड लोखंडी मडगार्डे छाटून टाकत. त्या छाटणीला 'बॉब' म्हणत. शेपूट आखूड केलेल्या घोड्याला इंग्रजीत 'बॉबटेल' म्हणतात, त्यावरून हे नाव आले. आमच्या गाडीचे शेपूट मात्र प्लास्टिकचे. चार नट सोडवून ते काढले आणि किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवले. नंबरप्लेटसह सव्वा किलो भरले. पंधरा लिटर पेट्रोलच सुमारे अकरा किलोचे होते. मुलाने स्वतःच तो मुद्दा वहीतून खोडला.

दुसरा मुद्दा शर्यतीच्या गाड्यांचा. त्यांना शेपूट नसते, हे खरेच. पण त्यांना नंबरप्लेट नसते, मागे बसणारे कोणी नसते आणि शर्यतीच्या वाटेवर शाळेला निघालेली मुलेही नसतात. आमच्या बेळगाव–बागलकोट रस्त्यावर ऊस भरलेले ट्रॅक्टर, बस, सायकली आणि विमानतळाकडे धावणाऱ्या मोटारी एकाच वेळी असतात.

तिसरा प्रश्न आजीचा होता. दवाखान्याला जाताना ती त्याच गाडीवर एका बाजूला पाय सोडून बसते. शेपूट कापून देणारा दुकानदार "साडीगार्डही काढू, मग लूक येतो," असे म्हणाला होता. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचे चाक निदान अर्धे झाकणारे संरक्षण हवे, हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२३ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. त्याच नियमात मागच्या माणसाला धरायला मूठ आणि पाय ठेवायला आधार हवा, असेही आहे. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला एका बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली. कायद्याचे कलम ऐकून मुलगा फारसा हलला नाही. आजीच्या इरकली साडीचा काठ चाकापासून किती बोटांवर लोंबतो, हे मोजल्यावर मात्र साडीगार्डचा विषय तेथेच संपला.

उरले फक्त शेपूट. ते नेमके करते काय? गावाबाहेरच्या माळावर पाऊस पडून गेल्यावर आम्ही हे पाहून घेतले. शेपूट काढलेली गाडी वडिलांनी चालवली आणि मुलगा जुना पांढरा शर्ट घालून काकांच्या स्कूटरवरून थोडे अंतर ठेवून मागे आला. डबक्यांतून दोन फेऱ्या झाल्या. वडिलांच्या पाठीवर चार-दोन थेंब होते. मुलाचा शर्ट, हेल्मेटची काच आणि हनुवटी चिखलाने रंगली होती. मग शेपूट बसवून तशाच दोन फेऱ्या मारल्या. शर्टावर शिंतोडे आले, पण काच पुसावी लागली नाही.

यामागचे शास्त्र दहावीच्या मुलांना समजेल. गाडी ताशी ४० किलोमीटरने जाते तेव्हा टायरला चिकटलेला चिखल गाडीच्या मानाने सेकंदाला सुमारे ११ मीटर वेगाने फिरतो आणि सुटताना स्पर्शरेषेत सुटतो. त्या वेगाने सरळ वर उडालेला थेंब, हवेचा अडथळा सोडला तर, सहा मीटरांच्या वर जाईल. चाकाच्या वरच्या भागातून सुटलेला चिखल चालवणाऱ्याच्या पाठीकडे येतो. तो वरचे मडगार्ड अडवते. मागच्या बाजूने, आसाच्या खालून सुटलेला चिखल वर आणि मागे फेकला जातो; तो शेपूट अडवते. म्हणजे शेपटाचा उपयोग चालवणाऱ्याला जवळजवळ नाहीच. नंबरप्लेट मागच्याने वाचायची, लाल परावर्तक अंधारात मागच्याने पाहायचा, चिखलही मागच्याच्या डोळ्यांत जायचा. बैलाचे शेपूट निदान त्याच्या स्वतःच्या माश्या हाकलते. गाडीचे शेपूट सगळे काम परक्यासाठी करते, आणि चालवणाऱ्याला ते आरशातही दिसत नाही. म्हणूनच कदाचित ते बिनकामाचे वाटते.

त्या रात्री मुलगा फारसे बोलला नाही. सकाळी उठून त्यानेच पाना घेतला. शेपूट खडखडते ही त्याची तक्रार खरी होती, म्हणून नटांखाली रबरी वायसर घातले. चीर पडलेली पट्टी बदलली. नंबरप्लेट झाकणार नाही अशा बेताने खाली चार बोटे रुंदीचा रबराचा तुकडा लावला. कापायला निघालेले शेपूट असे उलट वाढले! सीटला त्याच्या आवडीचे नवे काळे कव्हर घातले, तेवढी हौस आम्ही आनंदाने पुरवली.

विद्यार्थी मित्रांनो, गाडी नटवावीशी वाटणे गैर नाही. हातात पाना घेण्यापूर्वी एकदा दुसऱ्याच्या गाडीवर बसून आपल्या गाडीच्या मागून जाऊन पाहा. आणि पालकांनो, मुलांनी असे काही विचारले तर 'नाही' म्हणण्याआधी एक जुना पांढरा शर्ट शोधून ठेवा.