गुलाबी साडी आणि आमची आक्का

पुण्याहून सोलापूर रस्त्यानं निघालं की उरुळी कांचन मागं पडतं आणि मग यवत लागतं. मोटारवाल्यांना ते लागलं कधी नि गेलं कधी हे कळतसुद्धा नाही. पण म्हणून यवतकर स्वतःला लहान समजतात असं कुणी समजू नये. दरसाल तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून निघून यवतला मुक्कामाला येते आणि त्या रात्री अख्खं गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी जेवू घालतं. शिवाय भुलेश्वर आहे. आता भुलेश्वर पडतो पुरंदर तालुक्यातल्या माळशिरसच्या हद्दीत, पण चढायचं यवतच्या बाजूनं, त्यामुळे "आमचा भुलेश्वर" म्हणायला यवतकराला सातबारा लागत नाही.

अशा या गावात माझी थोरली बहीण, आक्का, राहते. वय चौऱ्याहत्तर. दातांची संख्या कमी झाली असली तरी जिभेची धार तशीच आहे. तिची लेक असते अमेरिकेत, न्यू जर्सीला. लेकीला एक मुलगी, म्हणजे आक्काची नात, वय नऊ. दर रविवारी सकाळी, तिकडे शनिवारची रात्र असते तेव्हा, या दोघींचं फोनवर चेहरे बघत बोलणं चालतं. बोलणं म्हणजे काय, तर असं:

"जेवलीस का गं?"

"येस आजी."

"काय जेवलीस?"

"पास्ता."

एवढ्यावर उभयपक्षी शब्दभांडार संपतं. पास्ता म्हणजे माजलेल्या शेवया, एवढं आक्कानं समजून घेतलंय. त्यापुढं ती मराठीत हसते, नात इंग्रजीत हसते आणि मग दोघी आपापल्या फोनमधल्या स्वतःच्याच चेहऱ्याकडं बघत बसतात. फोन ठेवल्यावर आक्का बराच वेळ काही बोलत नाही. आक्का गप्प बसणं ही आमच्या घराण्यात गंभीर घटना समजली जाते.

तर २०२४ सालच्या एका रविवारी काय झालं, त्या पोरीनं "हाय आजी"सुद्धा म्हटलं नाही. फोन टेबलाला टेकवून ठेवला, कमरेवर हात ठेवला आणि थेट 'गुलाबी साडी' म्हणायला लागली. अख्खं गाणं! उच्चार असे की गुलाबी साडी एखाद्या इटालियन पदार्थासारखी वाटावी. पण गाणं मराठी होतं. आक्काच्या हातातला गवारीचा देठ हातातच राहिला. चौकशीअंती कळलं, की हे गाणं तिला आईनं शिकवलेलं नव्हतं, शिकवलं होतं वर्गातल्या मेक्सिकोकडच्या एका मैत्रिणीनं! मराठी मुलीनं मराठी गाणं मेक्सिकोच्या मार्गानं शिकावं, हा द्राविडी प्राणायाम त्या छोट्या फोनच्या कृपेनं घडला.

हे गाणं लिहिलं नि गायलं संजू राठोड नावाच्या जळगाव जिल्ह्यातल्या तरुणानं, साज चढवला जी-स्पार्क यानं. २०२४च्या सुरुवातीला ते आलं आणि यूट्यूबवर दहा कोटींच्या वर वेळा पाहिलं गेलं. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या झगमगत्या फलकावरसुद्धा ते झळकलं. आमचे तुकोबा पेंग्विनच्या इंग्रजी पुस्तकात दिलीप चित्र्यांचा हात धरून पोचले ते १९९१ साली, म्हणजे तीनशे चाळीसएक वर्षांनी. साडी तीन-चार महिन्यांत पोचली. अर्थात पोचण्यापोचण्यात फरक असतो, पण वेग वेग म्हणून मानलाच पाहिजे. या राठोडांचं आधीचं गाजलेलं गाणं नऊवारीवर, त्यानंतर हे गुलाबी साडीवर. हा मनुष्य गायक आहे की कापडदुकानदार, अशी मला शंका येत होती. २०२५मध्ये त्याचं 'शेकी' आलं आणि ती फिटली.

बरं, परक्या मुलखात आपली गाणी पोचली नव्हती असं नाही. १९५१च्या 'आवारा'तलं मुकेशचं गाणं रशियन लोक डोळे पुसत म्हणत, आणि १९८२च्या 'डिस्को डान्सर'मधल्या 'जिमी जिमी'वर ते डोळे न पुसता नाचले. अर्थ कुणाला कळत होता? २०१७ साली 'देस्पासितो' हे स्पॅनिश गाणं आमच्या भागातल्या वरातींतूनसुद्धा वाजलं. त्याचा अर्थ नवरदेवाला कळला असता तर तो घोड्यावरून उतरला असता. प्रेमाच्या गाण्याला अर्थ लागत नाही, ठेका लागतो. अर्थाची पंचाईत लग्नानंतर सुरू होते.

आक्काला मात्र अर्थ कळत होता आणि तिचं म्हणणं होतं की नायिका अडाणी आहे. आमच्याकडून सोलापूरच्या अंगाला थोडं पुढं गेलं की चौफुला लागतो, तिथली कलाकेंद्रं प्रसिद्ध आहेत. लावणीतली बाई शालू मागते, पैठणी मागते, पुतळ्यांची माळ मागते. सगळं रोख! आणि ही गुलाबी साडीतली बाई काय मागते, तर फोटो! "साडी सोताची नेसली आन् मागतीय काय, तर फोटू," आक्का म्हणाली. "पुरुषांचं फावलं की रं!" खर्चाच्या बाजूनं पाहता मला ही मराठी शृंगाराची मोठीच प्रगती वाटली, पण मी गप्प राहिलो.

पुढच्या रविवारी नातीनं विचारलं, "आजी, तुज्याकडे आहे गुलाबी सारी?"

पहिल्यांदाच त्या पोरीनं मराठीत प्रश्न विचारला होता. आणि प्रश्न नेमका तो.

आहे. गुलाबी इरकल. दाजींनी लक्ष्मी रोडवरून आणलेली. दाजी जाऊन अठरा वर्षं झाली. तेव्हापासून आक्का बदामी, राखाडी, फार तर फिकट निळं नेसते. नेसू नको असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. नेस, असंही कुणी सांगितलं नव्हतं. मीसुद्धा दर भाऊबीजेला बदामीच नेत आलो.

"हाय," आक्का म्हणाली. "पर ती टरंकंत तळाला हाय. मला नडत न्हाई आता तसली."

"नडत म्हंजे?" पोरीनं विचारलं.

याचं उत्तर आक्काला देता येईना. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी भुलेश्वराच्या दिशेनं पाहू लागलो.

"दाखव ना, आजी!"

ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांचा वास न्यू जर्सीपर्यंत गेला नाही एवढंच. आक्का घडी हातात घेऊन कॅमेऱ्यापुढं धरेल, असं मला वाटलं होतं. ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. नात फोनमधून "आजी? आजी?" करत होती. मी तिला सांगितलं, येतेय. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेजारच्या काकू ताकाला म्हणून आल्या होत्या, त्या वाडगं घेऊन तिथंच बसल्या.

दार उघडलं. आक्का उंबऱ्यात उभी राहिली. डोईवर पदर, इरकलीच्या घड्या पडलेल्या रेषा अंगभर. शेजारच्या काकूंनी वाडगं खाली ठेवलं. फोनमधून नुसती एक किंकाळी आली. तिचं भाषांतर करायची जरूर पडली नाही.

आक्का माझ्यावर खेकसली, "नुसता बघत काय उभा ऱ्हायलास? काढ की फोटू! आन् आटप लवकर, ग्यासवर दूध हाय."