ओट्याचा हिशेब

सांगलीचे आमचे घर 1996 साली कर्ज काढून बांधले. शेगडीकडचा ओटा कडप्प्याचा झाला आणि तेवढ्यात पैसे संपले. समोरच्या भिंतीला लागून नऊ फूट लांब व दोन फूट रुंद असा दुसरा ओटा हवा होता. तो सुताराने लाकडी चौकटीवर साधे कमर्शियल प्लाय ठोकून, वर सागवानी रंगाची सनमायका चिकटवून करून दिला. “दोन-तीन वर्षांत येथेही दगड बसवू,” असे मी सौ.ला सांगितले होते. त्यानंतर सत्तावीस वर्षे गेली.

माझी नोकरी बँकेतली. पूर्ण घसारा काढून झालेली वस्तू पुस्तकात 1 रुपयाला दाखवून ठेवतात, हे व्यापारी वाचकांना सांगायला नको. आमच्या शाखेत असे एक टेबल होते. त्याचा एक पाय दोरीने बांधलेला होता, तरी त्यावर रोजचे काम चाले आणि त्याचे आम्हांस कौतुकही वाटे. घरच्या ओट्याकडे मी त्याच नजरेने पाहत आलो. काम चालते आहे ना, मग खर्च कशाला?

दोन वर्षांपूर्वी आमच्या मंदिरात आर्यिका माताजींच्या संघाचा चातुर्मास होणार असे ठरले. कोणाकोणाकडे चौका लागणार, याची यादी होऊ लागली. सौ. दरवर्षी शेजारच्या वहिनींच्या चौक्यात पहाटेपासून राबते, आपल्या घरी मात्र कधी चौका लावत नाही. त्याचे कारण तिची गुडघेदुखी असावी, असे मी गृहीत धरले होते. त्या दिवशी सहज विचारले. ती म्हणाली, “अहो, त्या ओट्याच्या फटीत जीव आहेत. तेथे आहार कसा करू?”

मी तिच्यासोबत जाऊन पाहिले. खरे म्हणजे प्रथमच नीट पाहिले. भिंतीकडच्या बाजूला सनमायका अर्धा इंच उचललेली होती. खालचे प्लाय फुगून पापुद्र्यापापुद्र्याने सुटले होते आणि फटीतून झुरळांच्या मिशा हलत होत्या. एका कोपऱ्यात वाळवीची मातकट रेघ होती. सौ.ने त्या फटीवर कापडाची पट्टी दाबून बसवली होती. ही पट्टी कधीपासून आहे, असे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

प्लाय फुगले होते ते पिण्याच्या पाण्याची भांडी ठेवण्याच्या जागीच. माझ्या आईने घालून दिलेल्या रीतीप्रमाणे आमच्याकडे पाणी दुहेरी कापडाने गाळतात. गाळणे पिळताना, जीवाणी काढताना थेंब सांडतातच. सनमायका म्हणजे राळेत भिजवलेल्या कागदाचे थर उष्णतेने व दाबाने एकजीव करून केलेला जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा पत्रा. त्याच्या पृष्ठभागातून पाणी आत जात नाही, ते कडेने व सांध्याने शिरते. त्यामुळे वरून ओटा चकचकीत दिसतो आणि आत लाकूड कुजत राहते. जीवरक्षणासाठी गाळलेल्या पाण्यानेच तेथे जीवांना घर करून दिले होते.

पुण्याहून मुलाने एका दुकानाचे दरपत्रक पाठवले. संपूर्ण मॉड्युलर स्वयंपाकघर, 2,85,000 रुपये. “बाबा, पैसे मी देतो,” असेही तो म्हणाला. मला ते नको होते आणि सौ.लाही नको होते. तिला तिची मांडणी हातवळणी पडली आहे. दुसरा सल्ला शेजाऱ्यांचा, फवारणी करून घ्या आणि वर चिकटपट्टीचा संगमरवरी कागद लावा. कागद स्वस्त असतो खरा, पण गरम पातेले ठेवताच तो आखडतो, आणि फुगलेल्या लाकडावर काहीही चिकटवले तरी ते टिकत नाही. फवारणीचा विषय तर सौ.ने बोलूच दिला नाही. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही, पण जीव आहेत हे ठाऊक असताना, ते मारण्यासाठीच विष आणणे ही संकल्पी हिंसा होते, हे तिने मला सांगितले. शास्त्रसभेत मी पुढच्या ओळीत बसतो आणि ती मागे, तरी!

आमच्या जुन्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी हातोडीच्या दांड्याने नऊ फुटांचा ओटा टोकापासून टोकापर्यंत ठोकून पाहिला. जेथे आवाज टणक, तेथे लाकूड शाबूत आणि जेथे बद्द, तेथे कुजलेले. पाण्याकडचा साडेतीन फुटांचा भाग गेलेला होता, उरलेला साडेपाच फूट उत्तम होता. सगळा ओटा फेकण्याचे कारणच नव्हते. दुरुस्तीचा विचार करणाऱ्यांनी दरपत्रक मागवण्यापूर्वी ही दांड्याची परीक्षा करून घ्यावी, ती फुकट आहे.

खराब भागासाठी दगड घ्यायचे ठरले. दगडाच्या वखारीत मोठ्या कामांतून उरलेले तुकडे एका बाजूला रचून ठेवलेले असतात. मालकाच्या दृष्टीने तो अडकलेला माल. कोणाच्या तरी जिन्यातून उरलेला काळा ग्रॅनाइट 110 रुपये चौरस फुटाने मिळाला. सात चौरस फुटांचे 770 रुपये झाले. घासाघीस मी केली नाही, सौ.ने केली. अठरा मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला सुमारे साडेचार किलो भरतो, म्हणजे एकतीस-बत्तीस किलोंचा भार. जुन्या चौकटीवर तो टाकणे गवंड्याला मान्य नव्हते. त्याने खाली कडप्प्याच्या दोन उभ्या फळ्या दिल्या. जुन्या प्लायची जाडी एकोणीस मिलिमीटर असल्याने दोन्ही भागांची पातळी थोड्या मसाल्याने जुळून आली.

शाबूत भागावरील जुनी सनमायका काढण्याची गरज पडली नाही. ती सर्वत्र घट्ट होती. काचकागदाने घासून तिची चकाकी मारली, तेलकटपणा पुसून कोरडी केली, नवीन पत्र्याच्या पाठीला व तिला असा दोन्हीकडे चिकटद्रव लावला, तो हाताला चिकटेनासा होईपर्यंत वाळू दिला आणि मग मधोमध सुरुवात करून कडेकडे दाबत नेले. एकदा टेकलेला पत्रा पुन्हा सरकवता येत नाही, म्हणून मधे पातळ काठ्या ठेवून एकेक काढत गेले. आठ बाय चारच्या पत्र्यातून उरलेला भाग खालच्या दारांना लागला. सांध्यात इपॉक्सी आणि भिंतीच्या कडेला सिलिकॉन भरले. टाचणी शिरेल एवढीही फट राहू द्यायची नाही, ही सौ.ची अट होती आणि तिने टाचणी घेऊनच ती तपासली.

यातील सर्वात जास्त वेळ लागला तो कुजलेला भाग काढण्यास. आषाढ शुक्ल चतुर्दशीच्या आधी, ज्येष्ठातच काम उरकायचे होते. सौ.ने आठ दिवस आधी ओटा रिकामा केला, पाण्याची भांडी हलवली, ती जागा कोरडी ठेवली आणि अन्नाचा कणही तेथे राहू दिला नाही. मग दिवसाउजेडी मिस्त्रींनी फळ्या अलगद सोडवल्या. करवत नाही, ठोकाठोकी नाही. मऊ कुंचल्याने जीव झाडून सुपात घेत ती परसात सोडत होती. फळ्या सीताफळाच्या झाडाखाली तशाच पडू दिल्या. मिस्त्रींचा अर्धा दिवस त्यात गेला. मजुरीचे मी काही बोलणार, तोच तिने माझ्याकडे पाहिले, आणि मी गप्प राहिलो. एकही जीव गेला नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

दोन दिवसांची सुतारकी, एक दिवस गवंडी, दगड, पत्रा, चिकटद्रव, टेम्पो असे सर्व मिळून 8,180 रुपये झाले. वहीत ही रक्कम मांडताना मागे हिशेब करण्याचा मोह झाला. सत्तावीस वर्षे मी जो खर्च वाचवला असे समजत होतो, तो एवढाच होता. दुसऱ्या बाजूला काय मांडायचे? ती कापडाची पट्टी, रोज रात्री ओटा तीन-तीनदा कोरडा करणे, दुसऱ्याच्या घरी उभारलेले चौके. माझ्या वहीत त्याला रकाना नव्हता, कारण ते देणे मी कधी फेडलेच नव्हते, ती फेडत होती.

गरम पातेली आता ग्रॅनाइटवर ठेवतो. सनमायकावर अजूनही लाकडी तिवई लागतेच.

त्या चातुर्मासात सौ.ने यादीत आमचे नाव दिले. पडगाहनासाठी आम्ही दोघे दोन दिवस कलश घेऊन दारात उभे राहिलो, माताजी पुढे निघून गेल्या. तिसऱ्या दिवशी विधी मिळाला. आहार निर्विघ्न पार पडला. सर्व आवरल्यावर सौ. स्वयंपाकघरात बराच वेळ बसून होती. मी गाळणे धुऊन, पिळून, दोरीवर वाळत घातले. तेव्हापासून ते काम माझ्याकडे आहे.